लोखंडाशी अबोला

रूपेलमोंडच्या धक्क्यावरून ती पाण्यात उतरली तेव्हा
पाद्र्यानं शिंपडलेलं तीर्थ तिच्या अंगावर थांबलं नाही,
प्लास्टिकच्या बादलीवरून घरंगळावं तसं गेलं.
नाव ठेवलं झेदिस्तल:
वाळूच्या टेकड्यांवरचं निळं, काटेरी फूल.
आई म्हणाली, काचतंतूची लढाऊ बोट!
आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

तिचा लोखंडाशी अबोला होता.
शिडीपाशी एक लाकडी पेटी असे, त्यात टाकायचं
चाव्या, बक्कलं, खिशातला चाकू.
स्वयंपाकी ओडीलच्या आजीचा बिडाचा तवा
बंदरावरच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला.
दर सुटीला तो जाऊन त्याला तेल लावून यायचा.

कारण खाली चिखलात जे निजलं होतं
त्याला लोखंडाची चाहूल पुरायची.
बॅटरी केव्हाच मेली असेल, अधिकारी म्हणायचे,
दारू मात्र मरत नाही.

माझं काम कानोसा घेण्याचं.
सतरा वर्षं मी तळाला विचारत होते, कोण आहे?
तळ म्हणायचा, दगड.
दगड. दगड. नांगर. बाथटब.
एकदा पियानोची चौकट. सेरफासनं वर येऊन सांगितलं
आणि आठवडाभर कुणी विश्वास ठेवला नाही.
दगड. सायकल (ती हॉलंडवाल्यांचीच, असं आमच्यात ठरलेलं).
आणि मग एखाद्या मंगळवारी, कॉफी गार होताना,
पडद्यावर लांब सावली टाकून बसलेलं काहीतरी
फार गोल,
फार गप्प.

सेरफास पितळी हत्यारं घेऊन खाली जायचा.
वर दोर धरणाऱ्याला त्याचा श्वास बोटांत कळायचा.
तीन झटके: आहे.
मग दूर सरून आम्ही वाट बघायचो,
समुद्र पांढरा होऊन उभा राहायचा, बसायचा,
आणि पोट वर करून तरंगणारे मासे.
ओडील त्यांना हात लावत नसे.

वहीत काय लिहायचं?
जे घडलं नाही त्याचा रकाना कुठे असतो?
कोळंबी घेऊन परत आलेला कुणी बाप
दारात बूट काढताना वैतागलेला, भाव पडला म्हणून.
आपण परत आलो हे त्याला ठाऊकच नाही.

एकदाच आम्ही उशिरा पोचलो.
सेरफास त्याबद्दल बोलत नाही.
मीही इथं लिहीत नाही.

पुढे तिला लॅटव्हियाला दिली,
आणि सासरी बदलावं तसं तिचं नाव बदललं:
वालोद्जे, एक पिवळा पक्षी.
लियेपायाहून तालिवाल्दिस नावाचा पोरगा पत्र लिहायचा:
इथं झारच्या काळातले सापडतात, शिंगांचे.
आणि बाई, तुमच्या खुर्चीच्या हातावर
दातांचे ठसे आहेत. कुणाचे?
माझे, मी कळवलं. फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव.

गेंटच्या भंगार-धक्क्यावर तिला आणली तेव्हा गेले होते.
मालक कुरकुरत होता: हिला वितळवता येत नाही,
किलोला भाव नाही, करवतीचा खर्च वर.
यारीवाल्यानं सवयीनं लोहचुंबक खाली सोडला.
तो तिच्या डेकवर टेकला, आणि सगळे हसले,
मीही.
मग तो वर गेला
एक बिजागरी घेऊन.

बोटाएवढी. गंजलेली. भटारखान्याच्या दाराची असावी.
कुणी बसवली, कोणत्या बंदरात,
कितीदा तिला घेऊन आम्ही त्या निजलेल्यांवरून गेलो,
पावलं न वाजवता, असं समजत.

खुर्चीचा हात मागून घेतला. बिजागरी मागितली नाही,
ती त्यानंच दिली, कागदात गुंडाळून.
संध्याकाळी ओडीलला फोन केला.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, तवा आहे अजून.
ये. अंडी फोडतो.